जुन्या गाडीच्या रंगावरचे ओरखडे: काय काढावं आणि काय तसंच राहू द्यावं

पॉलिश केल्यावर ओरखडा भरून येतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, मग चर उरत नाही आणि म्हणून तो दिसेनासा होतो. म्हणजे दर पॉलिशला गाडीवरचा थोडा रंग कायमचा जातो. नव्या गाडीला हे परवडतं. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या, मधे दोन-तीनदा बफिंग, म्हणजे यंत्राने पॉलिश, झालेल्या गाडीला कितपत परवडेल हे आधी बघावं लागतं. त्यामुळे या कामात यंत्र चालवण्याइतकंच, कुठे ते चालवायचं नाही हे कळणं महत्त्वाचं आहे.

रंगाखाली काय असतं

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर कारखान्यातच चार थर चढतात. पत्र्याला लागून गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. १,००० मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, यावरून अंदाज करा. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्याला जे काही करायचं आहे ते एवढ्यातच. चकाकी इथूनच येते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला हाच थर वाचवतो. तो फार पातळ झाला की आज गाडी झळकते, पण पुढे टप आणि बोनेटवर पांढुरके डाग पडून पोपडे सुटू लागतात.

बऱ्याच जुन्या गाड्यांवर आणि काही साध्या, एकरंगी छटांवर क्लिअर कोट नसतोच; रंग आणि चकाकी एकाच थरात असते. हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. दाराच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर क्लिअर कोट नाही. गाडी पांढरी असेल तर फडकं काळं घ्या, नाहीतर काही कळणार नाही. क्लिअर कोट असलेल्या गाडीच्या फडक्यावर रंग उतरायला लागला तर मात्र तो थर तिथे संपला आहे. लगेच थांबा.

क्लिअर कोट नसलेला रंग उन्हाने खडूसारखा फिका पडतो, हात फिरवला तर भुकटी लागते. दिसायला हे अगदी वाईट, पण सुधारायला बरंच सोपं असतं. वरचा मेलेला पापुद्रा निघाला की खालून मूळ रंग येतो. लाल गाड्यांमध्ये तर हा फरक विश्वास बसणार नाही इतका मोठा असतो.

किती रंग शिल्लक आहे

रंगाची जाडी मोजणारं छोटं गेज मिळतं. गाडी स्वतःच पॉलिश करायची ठरवली असेल तर यंत्राच्या आधी हे गेज हाताशी असावं असं माझं ठाम मत आहे. विकत नको असेल तर कुणाकडून मागून आणा. प्रत्येक भागावर, म्हणजे बोनेट, टप, दारं, मडगार्ड, डिकी, निदान पाच-सहा ठिकाणी आकडे घ्या आणि लिहून ठेवा. ९० ते १५० च्या आसपास आकडे आले तर बहुधा मूळ रंग आहे. २०० च्या वर गेले तर तो भाग पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. कित्येक शेकड्यांत गेले तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. ८० च्या खाली आले तर तिथे कापणारं कंपाऊंड, म्हणजे रंग घासून काढणारं जाडसर पॉलिश, नकोच. त्या भागासाठी वेगळा मार्ग आहे, तो पुढे येईल.

इथे दोन अडचणी आहेत. साधं गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. १२० आकडा आला म्हणजे वरचा थर शाबूत आहे असं नाही. कदाचित खालचा प्रायमरच जाड असेल. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तुलना कामाची. डावं दार ११५ आणि उजवं ९० दाखवत असेल तर उजव्यावर आधी कुणीतरी जोर काढलेला आहे. दुसरी गोष्ट, लोखंडी पत्र्यासाठीचं गेज ॲल्युमिनियमवर चालत नाही. दोन्ही धातू ओळखणारं घ्यावं. प्लास्टिकच्या बंपरवर तर या दोन्हींचा उपयोग नसतो.

ओरखडा कुठल्या जातीचा आहे

गाडी धुतल्याशिवाय हे ठरवू नका. धुळीखाली सगळेच ओरखडे खोल वाटतात.

धुऊन पुसलेल्या भागावर थोडं पाणी शिंपडा. पाण्याखाली ओरखडा नाहीसा झाला आणि सुकल्यावर परत दिसू लागला, तर तो वरच्या थरातच आहे. मग त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने जाईल. जरासं अडकलं तर कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. ठळकपणे अडकलं, किंवा तळाशी पांढरा-करडा प्रायमर अथवा पत्रा दिसला, तर पॉलिशचं काम संपलं. तिथे टच-अप, म्हणजे ओरखड्यात रंग भरणं, लागेल.

उन्हात गाडीवर जे कोळ्याचं जाळं दिसतं, त्याबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. ते चरे गोलाकार नसतात. चुकीच्या धुण्या-पुसण्यातून पडलेले हजारो बारीक चरे सगळ्या दिशांनी गेलेले असतात. पण प्रकाशाच्या ठिपक्याभोवती, त्याच्या आडव्या दिशेने असलेले तेवढेच डोळ्याकडे प्रकाश फेकतात, म्हणून आपल्याला वर्तुळं दिसतात. दिवा हलवला की वर्तुळंही त्याच्याबरोबर हलतात. गाडी गोल-गोल पुसल्यामुळे गोल चरे पडतात, हा समज इथून आला असावा. सरळ पुसली तरी चरे पडतातच, फक्त एका दिशेचे असल्यामुळे बहुतेक कोनांतून ते कमी जाणवतात.

बंपरच्या कोपऱ्यावरचा भेसूर पांढरा पट्टा पाहून घाबरू नका. बऱ्याचदा तो आपला रंग गेलेला नसतो, दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग आपल्यावर चढलेला असतो. बोट फिरवलं की उंचवटा जाणवतो. डांबर काढण्याच्या द्रावणाने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसलं की अर्धाअधिक निघतो, उरलेला हाताने पॉलिश करून जातो.

कडेने पोपडे सुटलेला किंवा ढगाळ पांढरा झालेला क्लिअर कोट मात्र कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. यंत्र लावलं की कडा आणखी उचलली जाते. तो भाग पुन्हा रंगवून घेणं एवढाच इलाज.

धुणं आणि मळ काढणं

या टप्प्यात घाई केली तर पुढे यंत्राच्या पॅडखाली वाळूचा एखादा कण सापडतो आणि काढायला निघालो त्याहून खोल चरा पडतो.

गाडी सावलीत, पत्रा गार असताना धुवा. आधी चाकं, म्हणजे तिथली घाण नंतर धुतलेल्या भागावर उडत नाही. मग नुसत्या पाण्याचा फवारा मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. बादल्या दोन ठेवा: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा एक भाग धुतला की साध्या पाण्यात खळखळून मगच शाम्पूत बुडवायचा. टपापासून खाली यायचं. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण रस्त्यावरची रेती तिथेच जास्त. भांडी घासायचा साबण एरवी गाडीला वापरू नये. पॉलिश करायच्या दिवशी जुनं मेण उतरवायला काही जण वापरतात. पण गाडीसाठीचा तसा वेगळा शाम्पू मिळत असताना त्याची गरज नाही.

धुतल्यावरही रंगात रुतून बसलेले कण राहतात. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटं फिरवा. उघड्या हाताला न जाणवलेली खरखर लगेच कळेल. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण काढायचं द्रावण फवारलं की ते जांभळं होऊन ओघळतं. लेबलवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबू नका, सुकू देऊ नका आणि हातमोजे घाला. त्याचा वासही उग्र असतो. डांबराचे ठिपके त्याच्या वेगळ्या द्रावणाने काढा.

मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारी चिकट मातीची वडी. बारीक जातीचा घ्या, तळहाताएवढा चपटा करा आणि त्याचं वंगण भरपूर फवारून, जोर न लावता, सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला तो अडखळतो, खरखर आवाज येतो. कण निघाले की लोण्यासारखा सरकतो. माती काळी पडली की दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडलेला क्ले बार धुऊन पुन्हा वापरायचा मोह होतो. टाकून द्या.

क्लेमुळे बारीक चरे पडू शकतात. पुढे पॉलिश करायचंच असल्यामुळे त्याची चिंता नको, पण पॉलिश करणार नसाल तर नुसती हौस म्हणून क्ले फिरवू नये.

खोल ओरखड्यांवर टच-अप

हे पॉलिशच्या आधी करायचं, कारण टच-अप सपाट करताना पडणारे चरे नंतरच्या पॉलिशमध्ये निघून जातात.

रंगाचा कोड गाडीवरच एखाद्या पट्टीवर असतो: दाराच्या खांबावर, बोनेटखाली किंवा डिकीत. कोडनुसार रंग घ्या, नुसत्या नावावर जाऊ नका. पांढऱ्याच्यादेखील कितीतरी छटा असतात. ओरखड्यात गंज दिसत असेल तर टोकदार घासणीने किंवा पॉलिश पेपरच्या घडीच्या टोकाने तेवढाच खरवडून काढा आणि गंजरोधक लावा. गंजावर रंग भरला तर तो आतून फुगून महिन्या-दोन महिन्यांत वर येतो.

ओरखडा अल्कोहोलने पुसून कोरडा करा. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा पातळ थर. मग रंग. बाटलीच्या झाकणातला ब्रश बहुतेक वेळा नको इतका जाड असतो. त्यापेक्षा चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश किंवा टूथपिक बरी. रंग चरात सोडायचा, चरावर फासायचा नाही. एकदम जाड भरला तर सुकताना खचतो, म्हणून पातळ थर द्या आणि मधे सुकू द्या. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली राहिला की वर क्लिअर, तोही थेंबाथेंबाने, किंचित उंचवटा येईपर्यंत.

आता थांबायचं. निदान काही दिवस, जमलं तर आठवडाभर. वरून कोरडा लागला तरी आतून मऊ असलेला रंग घासायला गेलं की सगळाच निघून येतो. पक्का झाल्यावर २,००० किंवा २,५०० नंबरचा वॉटर पेपर खोडरबराच्या छोट्या तुकड्याला गुंडाळा, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि फक्त उंचवटाच घासला जाईल अशा बेताने हलकेच चालवा. दर दहा-बारा घासण्यांनंतर पुसून बघा. उंचवटा सपाट झाला की थांबा. राहिलेला धूसरपणा पॉलिशने जातो.

मेटॅलिक रंगात टच-अप हुबेहूब जुळत नाही. त्यातले धातूचे बारीक कण फवाऱ्याने एका रीतीने बसतात, ब्रशने दुसऱ्या. दोन पावलांवरून नजरेत न येणं, एवढीच अपेक्षा ठेवा.

अख्खा भाग वॉटर पेपरने घासून मग पॉलिश करायची पद्धतही आहे आणि तिचे व्हिडिओ फार मोहक असतात. पहिल्या गाडीवर ती करू नका. कागद किती मायक्रॉन खाऊन गेला हे नवख्याला हाताखाली कळत नाही.

यंत्र आणि पॅड

पॉलिशची यंत्रं मुख्यतः दोन जातींची. रोटरीत पॅड एकाच आसाभोवती फिरतं: भराभर कापतं, भराभर तापतं, आणि क्षणभर एका जागी थांबलं तर रंग जळतो. वर ते हातात बसलेलं नसेल तर उन्हात दिसणाऱ्या लाटांसारख्या खुणा मागे सोडतं. डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शनमध्ये, पॅड फिरतंही आणि डोलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. नवख्याने डीएच घ्यावं, यावर मला दुमत नाही. डोलण्याचा पल्ला ८ मिलिमीटरपासून २१ मिलिमीटरपर्यंत मिळतो. मोठा पल्ला सपाट भागावर लवकर काम उरकतो, पण वळणांवर अडतो. पॅड जिच्यावर बसतं ती पाच इंची प्लेट आणि १५ मिलिमीटर पल्ला हा सर्वसाधारण गाडीला बरा मध्य आहे. खांब, आरशाच्या टोप्या आणि दाराच्या मुठीजवळचे भाग छोट्या, तीन इंची पॅडने किंवा हाताने करावे लागतात.

पॅड तीन प्रकारची असू द्या: कापणारं, मधलं आणि शेवटच्या चकाकीचं मऊ. प्रत्येकाची निदान दोन-तीन, कारण एकाच पॅडने अख्खी गाडी होत नाही. फोमचे रंग पाहून कडकपणा ठरवू नका; प्रत्येक कंपनीची रंगांची भाषा वेगळी. मायक्रोफायबर पॅड आणि लोकरीचं पॅड फोमपेक्षा जास्त कापतात. द्रव दोन पुरतात: एक मध्यम कंपाऊंड, एक बारीक पॉलिश.

रबरी पट्ट्या, प्लास्टिकचे काळे भाग, चिन्हं आणि दिव्यांच्या कडा मास्किंग टेपने झाका. रंगाच्या तीक्ष्ण रेषांवर आणि कडांवरही टेप लावा. चढवतानाच रंग तिथून ओघळून पातळ झालेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. पॉलिशने रंग फाटतो तो बहुतेक वेळा कडेवरच.

आधी छोटा चौकोन

बोनेटवर साधारण ५० सेंटिमीटरचा चौकोन टेपने आखा. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात करा; सगळ्यात सौम्य जोडी आधी. काम झाल्यावर पुसून टॉर्चखाली बघा. चरे बरेच राहिले तर द्रव तेच ठेवून पॅड एक पायरी कडक करा. तरी राहिले तर कंपाऊंड घ्या. ज्या जोडीने समाधानकारक फरक पडला तीच गाडीभर वापरायची.

हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक जण वगळतात. पण काही कंपन्यांचे रंग फार कडक असतात, काहींचे इतके मऊ की नुसत्या फडक्यानेही चरे उठतात. कुठलं द्रव चालेल हे बाटलीवरून कळत नाही. मधे रंगवून घेतलेला भाग असेल तर त्याच्यासाठी वेगळा चौकोन करा. तो मूळ रंगासारखा वागेलच असं नाही.

यंत्र चालवताना

कोऱ्या पॅडवर द्रव पातळसं पसरून घ्या, मग वाटाण्याएवढे चार थेंब टाका. पुढच्या प्रत्येक वेळी तीनच. जास्त द्रव म्हणजे जास्त काम नव्हे. पॅड नुसतं घसरत राहतं आणि सगळीकडे शिंतोडे उडतात.

पॅड पत्र्यावर टेकवूनच बटण दाबा आणि उचलण्याआधी बंद करा. वेग एक-दोनवर ठेवून द्रव चौकोनभर पसरा, मग चार-पाचवर न्या. हात सावकाश चालवा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. नवख्यांचा हात पोचा मारल्यासारखा झपाझप फिरतो, आणि मग पॉलिशने काही होत नाही अशी तक्रार येते. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एकदा आडवे, एकदा उभे, अशा चार फेऱ्या.

प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. काम चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली, म्हणजे पॅड नुसतं थरथरतंय: एकतर दाब फार झाला, नाहीतर यंत्र तिरकं धरलंय. पॅड पत्र्याला समांतर राहील याकडे लक्ष ठेवा. वळणदार भागावर मनगटापेक्षा अख्खं शरीर फिरवलं तर हे सोपं जातं. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती रंगावर घासत नाही. पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, अंगठी काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क हवाच; खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची भुकटी श्वासातून जाऊ नये.

अधूनमधून हाताची मागची बाजू पत्र्यावर टेकवा. ऊब जाणवली तर ठीक. हात निवांत ठेवता येत नसेल तर थांबून पत्रा निवू द्या. प्लास्टिकच्या बंपरवर दुप्पट सावध राहा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं, आणि वरचा रंग पाहता-पाहता सुरकुततो.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने साफ करा. त्यात घासून निघालेला रंग आणि सुकलेलं द्रव साठतं. गुठळ्या झाल्या की त्याच नवे चरे पाडतात. गाडीचे दोन भाग झाले की पॅड बदललेलं चांगलं. घामेजलेलं, तापलेलं पॅड कापत नाही.

द्रव पुसायला मऊ, लांब धाग्यांचं मायक्रोफायबर घ्या आणि दर वेळी त्याची कोरी बाजू वापरा. त्यानंतर पाण्यात साधारण १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून तो भाग पुन्हा पुसा. पॉलिशमधलं तेल बारीक चऱ्यांत बसून त्यांना तात्पुरतं लपवतं. अल्कोहोलने ते निघालं की खरं चित्र समोर येतं. नाहीतर संध्याकाळी आरशासारखी दिसणारी गाडी दोन धुण्यांनंतर होती तशी होते. ताज्या, नुकत्याच रंगवलेल्या भागावर मात्र हे द्रावण लावू नका. नव्या रंगाला ते सोसत नाही.

टॉर्च तिरका धरून, वेगवेगळ्या कोनांतून बघा. छताचे दिवे बंद केले तर चरे जास्त स्पष्ट दिसतात.

एका चौकोनावर दोनदा काम करूनही एखादा ओरखडा राहिला तर त्याला राहू द्या. त्याच्या धारदार कडा आता गोलावल्या आहेत, त्यामुळे तो पूर्वीइतका चमकत नाही. उरलेली २० टक्के खूण घालवायला आधी गेला त्याहून अधिक रंग खर्ची पडतो. सगळे चरे नाहीसे झालेली गाडी फोटोत छान दिसते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या गाडीत ७०-८० टक्के सुधारणा झाली की मी यंत्र ठेवून देतो.

कंपाऊंड वापरलं असेल तर त्याने स्वतःचा एक धूसरपणा मागे ठेवलेला असतो, गडद रंगांवर जास्तच. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशची आणखी एक फेरी घ्या, या वेळी दाब जवळजवळ शून्य. या फेरीत रंग फारसा जात नाही, पण रंगाला खोली हिच्यामुळेच येते.

रंग पातळ असेल तर

८० च्या खालचे आकडे असलेल्या भागांसाठी ग्लेझ नावाचं द्रव असतं. त्यात कापणारे कण नसतात किंवा नावालाच असतात. ते चऱ्यांमध्ये भरून बसतं. हाताने, फोमच्या तुकड्याने लावायचं आणि वरून मेण द्यायचं. काही धुण्यांनंतर निघून जातं, मग पुन्हा लावायचं. व्यावसायिक कामात ग्लेझने चरे झाकून ते काढल्याचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, म्हणून त्याचं नाव वाईट झालं. पण आपल्याच गाडीवर, समजून-उमजून, रंग वाचवायला वापरायचं असेल तर याहून शहाणा उपाय नाही.

वरचं कवच

पॉलिश झालेला रंग उघडा ठेवू नका. कार्नोबा मेण लावायला सोपं, चुका पोटात घालणारं. काही आठवडे ते एक-दोन महिने टिकतं. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने जातं. सिलिकावर आधारलेलं सिरॅमिक कोटिंग वर्षानुवर्षं टिकू शकतं, पण खाली राहिलेला प्रत्येक डाग आणि चरा तितकाच काळ त्याच्याखाली कोंडला जातो. शिवाय लावताना पुसायला उशीर झाला तर कोटिंग जाड साचल्याचे डाग राहतात, ते पॉलिशनेच काढावे लागतात. पहिल्या गाडीवर सीलंट लावा.

कोटिंगच्या जाहिरातीत ९एच कडकपणा असं लिहिलेलं असतं. तो आकडा शिसपेन्सिलीच्या मोजपट्टीवरचा असतो, हिऱ्या-माणकांच्या नव्हे. किल्लीने मारलेला ओरखडा कुठलंच कोटिंग अडवत नाही. पाणी आणि घाण त्यावर कमी चिकटते, धुणं सोपं होतं. खरा फायदा तो.

नंतर

कोरड्या गाडीवर कोरडं फडकं फिरवायची सवय सोडा. धूळ म्हणजे बारीक वाळू, आणि एवढ्या मेहनतीने काढलेले चरे दोन आठवड्यांत परत आणायला ती पुरते. वेळ नसेल तर धुळकट गाडी तशीच राहिलेली परवडली. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने कव्हर हलतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओलं फडकं दोन-चार मिनिटं ठेवून, मऊ करून उचला. उन्हात ती तासाभरातही रंगावर खड्डा पाडू शकते.

फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नका, आणि कपडे मऊ करणारं द्रव तर नकोच. त्याने धाग्यांवर थर बसतो, फडकं पाणी शोषत नाही आणि धूळ पुढे ढकलतं. काम संपल्यावर गेजने पुन्हा त्याच ठिकाणचे आकडे घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी तारखेसह लिहा. दोन-तीन मायक्रॉनचा फरक दिसला तर काम बेतात झालं. पुढच्या वेळी यंत्र काढाल, किंवा गाडी दुसऱ्या कुणाकडे पॉलिशला द्याल, तेव्हा तो कागद आधी समोर ठेवा.